रेंज ट्रेकचे हलके कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की मला एकाच विषयावर मेसेज येऊ लागतात आणि जूनमध्ये त्यांची दुसरी लाट येते. विषय असतो कपड्यांचा. खाली जमवलेले प्रश्न त्यांतलेच आहेत. भाषा थोडी नीट केली आहे, एवढंच. उत्तरं देताना डोळ्यांसमोर राजगड–तोरणा–रायगडसारखा तीन-चार दिवसांचा रेंज ट्रेक आहे, म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जाणं, ज्यात स्वतःची सॅक स्वतःच वाहायची असते. एका दिवसात गड करून परतणार असाल तर यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल. बुटांबद्दल इथे काही नाही, तो विषय स्वतंत्र आहे आणि भांडणाचाही आहे.

१. तीन-चार दिवसांसाठी नेमके किती कपडे घेऊ? दरवेळी सॅक फुगते.

सॅक फुगते, कारण आपण दिवस मोजून कपडे भरतो: चार दिवस म्हणून चार टी-शर्ट. लग्नाला जाताना हा हिशोब बरोबर आहे. ट्रेकला हिशोब अवस्थेचा करायचा. चालताना अंगावर काय असेल, ते भिजलं तर काय, आणि रात्री झोपताना काय? म्हणजे अंगावर एक संच, सॅकेत चालण्याचा एक जादा टी-शर्ट आणि झोपायचा एक कोरडा संच. चार दिवसांना हे पुरतं आणि आठ दिवसांनाही पुरतं.

डिसेंबरच्या ट्रेकला माझ्या सॅकेत जे जातं त्याचं वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं आहे. जादा टी-शर्ट १४० ग्रॅम, झोपायचे कपडे ३५०, मोज्यांचे दोन जोड १२०, अंतर्वस्त्रांचे दोन नग १२०, फ्लीस (पॉलिस्टरचं मऊ, उबदार जॅकेट) ३००, विंडचीटर २००, कानटोपी ५० आणि पंचा १२०. सगळं मिळून १,४०० ग्रॅम. पहिल्या रेंज ट्रेकला माझ्या सॅकेत कपडेच साडेचार किलो होते आणि त्यातले निम्मे घडीसकट घरी परत आले.

महागडं, कागदासारखं पातळ कापड घेऊन वजन थोडंसंच उतरतं. खरं उतरतं ते नग कमी केल्यावर.

२. सुती कपड्यांना एवढी नावं का ठेवतात? उन्हाळ्यात आपण सुतीच घालतो ना?

घरात घालतो, आणि घामाने ओले झालेले कपडे घरी बदलतोही. सुताचा धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. साध्या दमट हवेतसुद्धा तो आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरून असतो. पॉलिस्टरमध्ये हेच प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नसतं. पॉलिस्टरचं कापडही भिजतं, पण पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं. पिळलं, झटकलं की बरंचसं निघून जातं आणि उरलेलं अंगाच्या उबेने वाळतं. सुती टी-शर्ट पिळला तरी जडच राहतो.

आता चढण चढून घामाघूम झालेला माणूस माचीवर पोचतो आणि वारा सुटतो. ओल्या सुती कापडातलं पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं, आणि ते तासन् तास वाळत राहतं. दहा मिनिटांपूर्वी उकडत होतं तोच माणूस कुडकुडायला लागतो. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात सुती कपड्यांना माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. उन्हाळ्याची गोष्ट खरंच वेगळी आहे, ती प्रश्न १४ मध्ये.

३. वारकरी आळंदीहून पंढरपूरला भर पावसात सुती धोतर-सदऱ्यात चालत जातात. त्यांना काही होत नाही, मग आपल्यालाच का?

हा प्रश्न विचारणारे चिडवण्यासाठी विचारतात, पण प्रश्न चांगला आहे.

वारी साधारण अडीचशे किलोमीटरची असते, पण दिंडीतलं बहुतेक सामान ट्रकमध्ये असतं आणि मुक्कामाला कोरडे कपडे हाताशी येतात. वाट रस्त्याची आहे. दिवेघाट ओलांडला की पुढे कमी पावसाचा प्रदेश लागतो. आषाढात घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तसं फलटण-माळशिरसकडे होत नाही. शिवाय धोतराचं कापड पातळ असतं, सोडलं की एकपदरी पसरतं आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून झटकलं की चालता-चालता वाळतं. त्याच सुताची जाड कार्गो पँट, तिचे सहा खिसे आणि दुहेरी शिवणी दोन दिवस वाळत नाहीत.

म्हणजे सुताइतकाच दोष जाडीचाही आहे. पातळ सुती पंचा मी स्वतः नेतो: अंग पुसायला, गळ्याभोवती, डोक्यावर, भांडं उतरवायला, कपडे बदलताना आडोसा म्हणून. मायक्रोफायबरचा टॉवेल दोनदा विकत घेतला आणि दोन्ही वेळा घरी गाडी पुसायला लागला.

४. जीन्स चालेल का? माझी स्ट्रेचेबल आहे.

नाही. कोरडी असतानाच ती सहाशे-सातशे ग्रॅमची असते, भिजल्यावर विचारू नका. आणि ओली जीन्स गुडघ्याला चिकटली की प्रत्येक उंच पायरीला मांडीवर ओढ बसते.

५. पँट कशी घ्यावी? शॉर्ट्स घातली तर हलकं नाही का पडणार?

हलकं पडेल, पण आपल्या वाटांवर त्याची किंमत पायांनी मोजावी लागते. परदेशी व्हिडिओंत शॉर्ट्स घालून चालणारी माणसं दिसतात ती राखलेल्या, रुंद पायवाटांवर असतात. आपण राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या सोंडेला लागतो तेव्हा दोन्ही बाजूंना कारवी असते, मध्येच करवंदीची जाळी असते, आणि वाट चुकलो तर घाणेरीच्या रानातून अंग काढावं लागतं. पुढे बोराट्याच्या नाळेत, म्हणजे घाट उतरणाऱ्या अरुंद घळीत, मोठमोठ्या धोंड्यांवर बसून घसरत उतरायची वेळ येते. तिथे पातळ कापडाची पँट बुडावर फाटते. ज्यांची फाटली आहे त्यांनी पुढचा सगळा दिवस विंडचीटर कमरेला बांधून काढला आहे.

म्हणून पँटच्या बाबतीत शेवटचे शंभर ग्रॅम वाचवायच्या नादाला लागू नका. विणीचं, गुळगुळीत, नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड, वजन साधारण ३०० ग्रॅम. दोन पायांच्या मधे वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला असावा, नाहीतर उंच पाय टाकताना शिवण उसवते. दुकानात घालून बघाल तेव्हा उकिडवं बसा आणि एक पाय कमरेएवढ्या उंचीवर टाका. दुकानदार बघत असेल तर बघू दे.

दोन हजार खर्चायचे नसतील तर कपाटातली जुनी टेरिकॉटची ऑफिसची पँट काढा. थोडी सैल असली तर उत्तमच. ती हलकी आहे, लवकर वाळते, कुसळं फारशी धरत नाही, आणि फाटली तर हळहळ वाटत नाही. जाळीदार ट्रॅकपँट मात्र नको. का ते पुढच्या प्रश्नात.

६. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कपड्यांना कुसळं चिकटून जीव नकोसा होतो. काय करावं?

पाऊस संपला की गवत पिकतं आणि कुसळं सुटतात. कुसळाची शेपटी पिळदार असते. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने टोक आत-आत शिरतं. निसर्गाने ही सोय बी जमिनीत रुजावं म्हणून केली आहे. आपला घामेजलेला मोजा त्याला जमिनीसारखाच वाटतो.

कुसळ सगळ्यात जास्त धरतात ते मोजे, फ्लीस आणि ट्रॅकपँटसारखं फासाफासांचं कापड. गुळगुळीत विणीच्या नायलॉनवरून ती बरीच घसरतात. त्यामुळे या दोन महिन्यांत चालताना फ्लीस अंगावर ठेवूच नका. मोज्यांवर गेटर घाला. विकतचे नसतील तर जुन्या पँटच्या पायाचा खालचा वीतभर तुकडा कापा, वर इलॅस्टिक ओवा आणि तो मोजा व बुटाच्या तोंडावर ओढून घ्या. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, खर्च शून्य.

रुतलेली कुसळं मुक्कामाला पोचल्यावर चिमट्याने काढायची. कपडा उलटा करून आतल्या बाजूने टोक पकडलं तर सहज येतात, बाहेरून ओढली तर मोडतात.

खाजकुयलीचं प्रकरण वेगळं. हिवाळ्यात तिच्या तपकिरी मखमली शेंगा वाळतात आणि त्यांची लव वाऱ्यानेही उडते. कपड्यावर पडली तर झटकू नका, चोळू नका. रुंद चिकटपट्टी लावून उचला आणि तो कपडा धुतल्याशिवाय दुसऱ्या कपड्यांत मिसळू नका. एकाने तो टी-शर्ट तसाच सॅकेत कोंबला आणि रात्री झोपायच्या कपड्यांतून सगळ्या तंबूला प्रसाद वाटला.

७. पूर्ण बाह्या की अर्ध्या? आणि रंग कोणता?

पूर्ण. उकडतं ही तक्रार पहिला तासभर असते. उन्हाने दंड भाजले की सॅकचे पट्टे त्यावर घासतात ते मात्र चार दिवस. कॉलर असलेला सैल शर्ट सगळ्यात चांगला, मान झाकली जाते आणि बटणं उघडून हवा घेता येते. चिकटून बसणारे जिमचे टी-शर्ट हवा खेळू देत नाहीत.

रंग फिका घ्या: राखाडी, खाकी, फिकट निळा. उन्हात कमी तापतो, आणि गोचीड चढली तर दिसते. दुसरं कारण आग्या मोहोळांचं. कडेकपारीत ती पोळी असतात आणि गडद रंगाने व उग्र वासाने माशा चवताळतात. तेव्हा काळा टी-शर्ट आणि डिओ दोन्ही घरी ठेवा. लष्करी छापाचे कपडेही टाळा. हल्ली अशा कपड्यांवरून चौकशी होऊ शकते, आणि एखादा रानात वाट चुकला तर तो छाप त्याला शोधणाऱ्यांच्या डोळ्यांना सापडत नाही.

८. पावसाळ्यात रेनकोट, पोंचो की सरळ भिजायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर लोकांना आवडत नाही. जुलैत सह्याद्रीत तुम्ही भिजणार. बाहेरच्या पावसाने नाही तर आतल्या घामाने. हवा दमटपणाने भरलेली असते, चढ छातीवरचा असतो आणि महागातल्या महाग रेनकोटातूनही घामाची वाफ पुरेशा वेगाने बाहेर पडत नाही. मी एकदा दीड महिन्याचा जेवणखर्च घालून जॅकेट घेतलं. पहिल्याच घाटवाटेत ते काढलं तेव्हा आतला टी-शर्ट पिळता येत होता.

म्हणून ध्येय बदला. चालताना कोरडं राहायचा अट्टहास सोडा, ऊब टिकवा, आणि सॅकेतलं काही म्हणजे काही भिजू देऊ नका. चालताना पॉलिस्टरचा पातळ टी-शर्ट आणि वारा अडवणारं हलकं जॅकेट. चढावर जॅकेटची चेन उघडी, सोंडेवर किंवा खिंडीत वारा लागला की बंद. थांबलात तर थांबण्याआधी बंद, थंडी वाजल्यावर नाही.

रेनकोटाच्या चिठ्ठीवर ५,०००, १०,००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं असा त्याचा अर्थ. आकडा जास्त तर पाणी जास्त अडतं. पण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबून बसतो आणि नेमका तिथेच दाब वाढतो, म्हणून स्वस्त जॅकेट आधी खांद्यावर गळतं. शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केल्या आहेत की नाही ते आकड्याच्याही आधी बघा.

पोंचोबद्दल मत विभागलेलं आहे. तो सॅकसकट झाकतो, खालून हवा खेळते, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास आणि रात्री जमिनीवर अंथरता येतो. पठारावर, जंगलात, गाडीरस्त्यावर उत्तम. उघड्या सोंडेवर मात्र त्याचं शीड होतं, आणि कातळटप्प्यावर पाय कुठे टाकतोय ते दिसत नाही. तिथे तो काढून ठेवायचा, भिजायचं झालं तर भिजायचं. छत्रीलाही हाच न्याय.

आपल्याकडची जुनी सोय होती इरलं आणि घोंगडी. इरलं पाठीवर राहतं, दोन्ही हात मोकळे आणि बाजूंनी वारा खेळता, म्हणून वाकून भात लावणाऱ्या माणसाला तासन् तास चालतं. घोंगडी लोकरीची, भिजली तरी ऊब सोडत नाही. घाटमाथ्यावरचा धनगर तिची खोळ डोक्यावर घेऊन पावसात उभा असतो. दोन-तीन किलोची घोंगडी आपण नेणार नाही, पण लोकर भिजूनही गरम राहते हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सॅकेचं विकतचं कव्हर पाठीकडून पाणी आत घेतंच. सॅकेच्या आत जाड काळी कचऱ्याची पिशवी घाला, सगळं तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. झोपायच्या कपड्यांना त्या पिशवीत आणखी एक वेगळी पिशवी.

९. सकाळी ओला टी-शर्ट परत अंगात घालायचा? सॅकेत कोरडा असताना?

हो. हीच ती परीक्षा, ज्यात बहुतेक जण पहिल्या वर्षी नापास होतात. झोपायचे कोरडे कपडे घालून पावसात निघालात तर अर्ध्या तासात तेही ओले, आणि आता तुमच्याकडे दोन ओले संच आणि शून्य कोरडे आहेत. ओला टी-शर्ट घालताना दोन मिनिटं शिव्या सुचतात, चालायला लागलं की पाचव्या मिनिटाला अंग तापतं.

याला एकच अपवाद. कुणी थरथर कापतोय, बोलणं अडखळतंय, बोटांनी बंद लावता येत नाही असं दिसलं तर ताबडतोब ओलं उतरवून सगळं कोरडं त्याच्या अंगावर घाला, तुमचं असलं तरी. तो माणूस त्या दिवशी पुढे चालणार नाही, त्यामुळे कपडे वाचवायचा प्रश्नच उरत नाही.

१०. हिवाळ्यात गडावर रात्री खूप थंडी असते. डाऊन जॅकेट घ्यावं का?

डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, वारा असला तर आणखी बोचतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तोरणा १,४०३ मीटर आणि कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कोकणातल्या पायथ्यापेक्षा माथ्यावर नऊ-दहा अंशांचा फरक धरायला हरकत नाही. पण वारा नसलेल्या निरभ्र रात्री गणित उलटतं: थंड हवा जड असल्याने खोऱ्यात साचते आणि नदीकाठचा मुक्काम गडापेक्षा गार पडतो. शिवाय दवाने सगळं ओलं होतं. दोरीवर रात्रभर वाळत घातलेले मोजे सकाळी आदल्या दिवसापेक्षा ओले मिळतात.

सह्याद्रीसाठी १०० किंवा २०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) फ्लीस आणि त्यावर विंडचीटर ही जोडी पुरते. फ्लीस एकट्याने वारा अडवत नाही, विंडचीटर एकट्याने ऊब देत नाही. डाऊन जॅकेट, म्हणजे आत पिसं भरलेलं, वजनाला फ्लीसइतकंच, ऊब त्याहून पुष्कळ. त्याच्या ६००, ७०० अशा आकड्यांना फिल पॉवर म्हणतात: एक औंस पिसं किती घनइंच जागा फुगून व्यापतात, तो आकडा. पण ती पिसं ओली झाली की गोळा होऊन बसतात आणि ऊब संपते. दवात, घामात, पावसात ते काढायचंच नाही, फक्त मुक्कामाला.

शेकोटीपाशी डाऊन, फ्लीस, विंडचीटर यांपैकी काहीही घालून बसू नका. एक ठिणगी आणि भोक. माझ्या जॅकेटवर चिकटपट्टीची तीन ठिगळं आहेत, तिन्ही एकाच रात्रीची.

आणि एक. देवळाच्या फरशीवर झोपून थंडी वाजत असेल तर कपडे वाढवू नका. ती थंडी खालून येते. मॅट जाड हवी.

११. मोजे किती आणि कसले?

तीन जोड: एक पायात, एक वाळत, एक फक्त झोपायचा. सुती शाळेचे मोजे फोड आणतात. नायलॉन किंवा लोकर मिसळलेले, घोट्याच्या वर येणारे घ्या. दुपारी जेवायला थांबलात की बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवा आणि जोड बदला. ओला जोड सॅकेच्या बाहेर पिनेने अडकवा. जळवांच्या भागात, कोयनेच्या जंगलात वासोट्याकडे वगैरे, पँट मोज्यात खोचा. दाट विणीच्या मोज्यातून त्यांना तोंड घालणं जड जातं.

१२. मांड्या आणि जांघा काचतात. अंतर्वस्त्रं बदलून फरक पडतो का?

पडतो. काचायला तीन गोष्टी लागतात: ओल, मीठ आणि शिवण. सुती चड्डी तिन्ही पुरवते. मांडीपर्यंत येणारी, सपाट शिवणीची, ताणणाऱ्या कापडाची घ्या. निघण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, आग व्हायला लागल्यावर नाही. मुक्कामाला ओल्या पंचाने मीठ पुसून काढा, कोरडं करा आणि मगच झोपायचे कपडे घाला. हा उपाय सोपा म्हणून लोक करत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पाय फाकवून चालतात.

१३. मुलींनी, बायकांनी वेगळं काय बघावं?

हे आमच्या गटातल्या मैत्रिणींनी सांगितलेलं आहे, मी फक्त लिहून घेतलं. पॅड असलेली स्पोर्ट्स ब्रा स्पंजासारखी पाणी धरते आणि रात्रभरात वाळत नाही. बिनपॅडच्या पातळ दोन न्याव्यात. सलवारीची किंवा ट्रॅकपँटची नाडीची गाठ सॅकच्या कमरपट्ट्याखाली येते आणि दोन दिवसांत तिथे काळानिळा डाग पडतो. सपाट इलॅस्टिक हवं. उघड्या पठारावर आडोसा मिळत नाही, तिथे गुडघ्यापर्यंतचा सैल कुडता फार उपयोगी. लेगिंग घालायचीच तर अशा कुडत्याबरोबर, पण काट्यांत ती टिकत नाही. पाळीच्या दिवसांसाठी अंतर्वस्त्रांचे दोन नग जास्त आणि एक गडद पँट. इथे वजनाचा विचार करायचा नाही.

नऊवारीचा काष्टा घालून डोक्यावर पाटी घेऊन नाळ उतरणाऱ्या आजी भेटल्या की आपल्या सगळ्या चर्चेची थोडी लाज वाटते. पण त्या रात्री घरी झोपतात.

१४. एप्रिल-मे मध्ये सुती चालेल असं तुम्ही म्हणता. नक्की?

देशावर, कोरड्या हवेत, चालेल. तिथे सुताचा दुर्गुणच गुण होतो: कापड ओलं राहतं, पाणी वाळत राहतं आणि अंग गार पडतं. पातळ सुती सदरा, डोक्यावर भिजवलेला पंचा, रुंद काठाची टोपी. रात्रीसाठी तरीही एक वेगळा कोरडा शर्ट.

घाट उतरून कोकणात गेलात की हे लागू नाही. तिथे हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, सुती सदरा दिवसभर चिकटून बसतो आणि प्रश्न १२ सुरू होतो. एकाच ट्रेकमध्ये दोन्ही बाजू असतील तर पॉलिस्टर घ्या.

१५. चार दिवस तेच कपडे म्हणजे वास येणार. गडावरच्या टाक्यात धुतले तर?

पिण्याच्या टाक्यात कपडा बुडवू नका. साबण न लावताही नाही. त्या पाण्यावर तुमच्यानंतर येणारे, गुरं, गडावर राहणारी माणसं सगळे अवलंबून असतात. धुवायचंच तर भांड्यात पाणी काढून टाक्यापासून लांब, कातळावर.

वासाचं खरं सांगायचं तर पॉलिस्टर सुतापेक्षा जास्त वास धरतं, घामातलं तेल त्याला चिकटून राहतं. मेरिनो लोकर वास फार कमी धरते, ओलीही चालते. पण ती महाग, आणि करवंदीच्या एका काट्याने तिचा धागा निघतो. माझ्याकडे एक मेरिनो टी-शर्ट आहे आणि तो फक्त झोपताना घालतो. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच वास येत असतो, त्यामुळे कुणालाच येत नाही.

घरी धुताना ड्रायफिट, म्हणजे घाम ओढणाऱ्या पॉलिस्टरच्या, कपड्यांना सुगंधी सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं.

१६. अमेरिकेतले लोक हजारो किलोमीटर चालतात आणि त्यांची अख्खी सॅक साडेचार किलोची असते. आपण का नाही?

त्यांच्यासारखी सामानाची यादी मीही करून पाहिली आहे. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल साधारण ४,२६५ किलोमीटरची आहे आणि तिथे ‘अल्ट्रालाइट’ म्हणवून घ्यायला अन्न-पाणी-इंधन वगळून सुमारे साडेचार किलोंच्या आत बसावं लागतं. पण ती वाट आखलेली, राखलेली आहे. तिचा मोठा भाग कोरड्या हवेत आहे, रात्री धुतलेलं सकाळी वाळतं. त्यांच्याकडून नग कमी करणं शिका, एक झोपायचा संच जपणं शिका. त्यांचं कापड जसंच्या तसं आणू नका, कारवी त्याच्या चिंध्या करते.

१७. नर्मदा परिक्रमेला पायी जायचंय. हेच कपडे चालतील?

तत्त्व तेच, कपडे वेगळे. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तीर धरून २,६०० च्या वरच चालणं, आणि ते काही महिने. पांढरे, साधे कपडे घालायची प्रथा आहे आणि बरेच जण ती पाळतात. दोन संच पुरतात, कारण रोज नदीवर स्नान होतं आणि कपडे वाळायला ऊन मिळतं. पातळ सुती किंवा सुतात पॉलिस्टर मिसळलेलं पांढरं कापड शिंप्याकडून सैल शिवून घ्या. मध्य प्रदेशातली पौष-माघातली थंडी मात्र हलकी समजू नका, फ्लीस आणि कानटोपी हवीच. आश्रमांत पांघरूण मिळतं, रोज मिळेलच असं नाही.

१८. हिमालयातल्या ट्रेकला एवढ्यावर भागेल का?

नाही. थर्मलचा संच, डाऊन जॅकेट, खऱ्या अर्थाने पाणी अडवणारं जॅकेट-पँट आणि दोन प्रकारचे हातमोजे वाढतात. तिथे हवा कोरडी असल्याने प्रश्न ८ मधली घामाची अडचण कमी होते. प्रश्न ९ मात्र शब्दशः लागू.

१९. ट्रेक रायगडला संपतो, गाडी राजगडाच्या पायथ्याला. परतीच्या एसटीसाठी वेगळे कपडे न्यावेत का?

न्यावे लागत नाहीत, पण त्यासाठी झोपायचा संच माणसांत दिसण्याजोगा निवडावा लागतो. माझा संच म्हणजे साधी काळी ट्रॅकपँट आणि गोल गळ्याचा टी-शर्ट. शेवटच्या दिवशी तो मोकळा झालेलाच असतो. पाचाडला उतरलं की पंचा कमरेला गुंडाळून कपडे बदलायचे, ओले-घामट कपडे त्या काळ्या पिशवीत भरून तोंड घट्ट पिळायचं. शेजारी बसणाऱ्या मावशींसाठी एवढं करायलाच हवं.

फ्लीस मात्र पिशवीच्या तळाशी ढकलू नका. महाडहून पुढे एसी गाडी मिळाली तर चार दिवसांतली सगळ्यात जास्त थंडी तिथे वाजते.